निळा जाळ विचारणारा गवंडी

पातूरकडचा एक गवंडी वर्षातून दोनतीनदा आमच्या घरी यायचा. गोठ्यामागचा गोबरगॅसचा घुमट त्यानेच बांधलेला. आल्यावर तो कुणाची तब्येत विचारत नसे. "वैनी, जाळ निळा हाय ना?" एवढंच विचारायचा, स्वतः शेगडी पेटवून बघायचा आणि मगच पाणी प्यायचा.

पुढे घरोघरी सिलिंडर आले. गावोगावचे त्याचे घुमट लोकांनी बुजवले. आमचाही बंद पडला. तो तरीही येत राहिला, पण जाळाचं विचारणं त्याने सोडलं.

गेल्या उन्हाळ्यात मी त्याला सांगितलं, "घुमट बुजवून तिथं गाडीसाठी शेड टाकतोय."

तो उठून गोठ्यामागे गेला. चपला काढून घुमटावर वाकला आणि थापीच्या दांड्याने ठोकत, कान लावून ऐकत राहिला. "याले काईच झालं नाई, भाऊ. नुसता पाईप सडला."

दोन दिवस राहून त्याने पाईप बदलला, चार जनावरांचं शेण कालवून आत सोडलं. मला अवघडल्यासारखं झालं, पण त्याला थांबवणं जमलं नाही.

वीसेक दिवसांनी तो मुद्दाम एसटीने आला. बायकोने त्या गॅसवर चहा ठेवला. उकळी येईपर्यंत तो शेगडीजवळून हलला नाही. चहा पिऊन झाल्यावर मला म्हणाला, "बंद पडला म्हून बुजवू नोका, भाऊ. आता चालू हाय, बुजवाचा असन तं बुजवा."

आमची गाडी अजून उन्हातच उभी असते.