दत्तूचे चिकटे मासे आणि माझी चिंच-राख

हातातला चहा आधी संपवा. मी काय करून ठेवलं ते ऐकल्यावर तो तुमच्या घशाखाली उतरणार नाही. म्हणजे तुम्ही हसाल, ते मला ठाऊक आहे. जो ऐकतो तो हसतो. हसायचा राहिलोय तो मीच.

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा तेव्हाची गोष्ट. अमरावतीच्या एका साप्ताहिकात मी बातमीदार होतो. आठवड्याला एका तरी साहेबाचे वाभाडे काढल्याशिवाय मला अन्न गोड लागत नसे. नळ कोरडे का, रस्त्यावर दिवे का नाहीत, कचेरीत साहेब का नाही! समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकून घेतलं तर आवेश निघून जातो, म्हणून ते मी मधेच तोडायचो. याला मी धडाडी म्हणत असे.

माझा कॉलेजातला सोबती दत्तू हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. हुशार, गरीब स्वभावाचा, आणि वर्षानुवर्षं तात्पुरता. उन्हाळ्याची सुटी लागली की पगार बंद, शाळा उघडली की पुन्हा अर्ज. त्या वर्षी मात्र त्याचं नशीब फळफळणार असं दिसत होतं. तपासणीला येणारे नवे इन्स्पेक्टर मासे पाळायचे शौकीन, असं हेडमास्तरांच्या कानावर आलं होतं. आणि दत्तूनं स्वतःच्या हातानं काचेचं टाकं बनवून त्यात सेमाडोहकडच्या ओढ्यातले मासे वाढवले होते.

ते मासे तरी कसे? बोटाच्या पेरापेक्षा लहान पिल्लं. काळपट, चपटी, तोंड खालच्या अंगाला. त्या तोंडानं काचेला चिकटून बसायची ती दिवसभर. आम्ही त्यांना चिकटे म्हणायचो. हेडमास्तर दत्तूला म्हणाले होते, "साहेबांना हे आवडलं, तर तुमची जागा कायम झाली म्हणून समजा."

अशात अकोल्याहून निरोप आला, वडिलांच्या डोळ्यांचं ऑपरेशन. दत्तूची बायको माहेरी. टाकं कुणाकडे ठेवणार? अर्थात, त्याच्या सगळ्यात शिकलेल्या मित्राकडे!

टांगा दारात उभा. दत्तू सांगू लागला, "हे पाय, आठवड्यातून एकदाच पानी बदलवायचं. तेबी सारं नाही, चौथा हिस्सा काढायचा अन् तेवढंच..."

"आठवड्यातून एकदा?" मी तोडलंच. "काहून बे? तू आठवड्यातून एकदाच आंघोळ करतं काय? इतकी लहान पिल्लं हायेत अन् त्यायले घाणीत ठेवतं?"

"अरे, लहान हायेत म्हनूनच त्यायले..."

"जाय तू! गाडी चुकन. मी पायतो."

टांगा बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला. दत्तू मागं वळून हातवारे करत काहीतरी ओरडत होता. मला वाटलं, आभार मानतोय!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नीट पाहिलं. काचेवर हिरवं बुळबुळीत शेवाळ, तळाला गाळ, पाणी पिवळट. आता तुम्हीच सांगा, आपल्या घरात शिळं पाणी ठेवतात का? सकाळी उठलं की रात्रीचं ओतायचं, भांडं चिंच-राखेनं घासायचं, ताजं भरायचं. माणसाला हा नियम, तर माशानं काय घोडं मारलंय? पिल्लं पातेल्यात काढली, टाकं अंगणात आणलं आणि घास घास घासलं. वरून विहिरीचं थंडगार पाणी. काच अशी लखलखली की तीत मी मिशा पाहिल्या.

माझी बायको शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेतली. दारात उभी राहून बघत होती. "मले कधी लोट्याभर पानी आनून देल्लं नाही बाप्पा तुमी. अन् माशायले आंघोळी घालून राह्यले?"

"तुले नाही समजत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू उलटं होऊन तरंगत होतं.

इथं एखाद्या शहाण्या माणसानं हात आवरला असता. पण मी बातमीदार! पिल्लू मेलं म्हणजे पाणी घाण होतं, घाण होतं म्हणजे बदलणं कमी पडलं. मी सकाळ-संध्याकाळ पाणी बदलू लागलो. आणखी दोन गेली. मग दुपारीही बदलू लागलो.

विहीर शेजारच्या गोपिकाबाईंची. फुलांचे हार करून विकायच्या. त्या भडकल्या. "भाऊ, माह्या विहिरीनं तुमचं काय बिघडवलं? शेवंतीले पानी उरू द्यान का नाही?"

"बाई, जिवांचा प्रश्न हाय!"

"कोनाच्या जिवाचा?"

"माशांच्या."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बादली सोडून देणार होतो. पण सोडली नाही. उलट ठणकावून सांगितलं, "तुमच्या विहिरीचं पानीच खराब असन!" त्या दिवसापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद झालं ते झालंच. नगरपालिका विहिरी उपसत नाही म्हणून मूक जीव मरतात, असा एक जळजळीत मजकूरही मी मनात जुळवून ठेवला. पिल्लं मात्र माझ्या मजकुराची वाट न पाहता मरत राहिली. शेवटचं पिल्लू लखलखीत काचेला तोंड लावून बसलेलं मी पाहिलं. ते काच चाटत होतं. बिचाऱ्याला काय सापडणार होतं तिथं?

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी दत्तू परतला. रिकाम्या टाक्याकडे पाहत उभा राहिला.

"हिरवं कुठं गेलं?"

"घासून काढलं! केवढी घाण होती बे!"

"ते खात होते रे ते," दत्तू म्हणाला आणि ओट्यावर बसला. "तेच सांगत होतो टांग्यातून."

बस. एवढंच. शिवी नाही, ओरडणं नाही. तो भांडला असता तर मी बाजू मांडली असती, जिंकलोही असतो! पण गप्प बसलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

हेडमास्तरांनी साहेबांना आधीच सांगून ठेवलेलं, त्यामुळे टाकं वर्गात मांडावंच लागलं. मी साप्ताहिकाचा प्रतिनिधी म्हणून पहिल्या खुर्चीवर. इन्स्पेक्टर वाकून बघू लागले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"मासे कुठे आहेत, मास्तर?"

"मेले, साहेब."

"पाणी किती दिवसांनी बदलता?"

"आठवड्यातून एकदा. चौथा हिस्सा."

"मग काचेवर शेवाळाचा ठिपकाही कसा नाही? हे टाकं कुणी घासलं?"

'चूक केलीत, तर उभे राहून कबूल करा!' असं दर आठवड्याला साहेबलोकांना छापून बजावणारा मी, त्या क्षणी छताची कौलं किती जुनी झालीत ते बघत होतो.

दत्तूनं माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. "माझ्या ताब्यातलं टाकं, साहेब. जबाबदारी माझी."

"जिवंत प्राण्यांची एवढी माहिती नसलेला माणूस शास्त्र शिकवतो?" साहेब म्हणाले आणि पुढच्या वर्गाकडे गेले. जागा कायम झाली ती ड्रॉइंगच्या मास्तरांची. दत्तूचा सुटीतला पगार त्याही उन्हाळ्यात बंद झाला.

मग मी काय केलं? जे मला येतं तेच! दोन रकाने भरून इन्स्पेक्टरच्या अन्यायावर तुटून पडलो. गुणी शिक्षकाची उपेक्षा, नागपूरची मनमानी, वऱ्हाडचा अपमान! शाईसुद्धा तापली असेल. अंक ओला असतानाच घेऊन दत्तूकडे गेलो.

त्यानं सगळा वाचला. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. एकही वाक्य मधे न तोडता. मग घडी घालून माझ्या हातात परत दिला.

"मस्त लिवलं बे," दत्तू म्हणाला. "फक्त मासे कोनं मारले, तेवढं लिवायचं राह्यलं."