मामांची रेघ

औषधशास्त्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मामा तेवीस वर्षं रेघा मारत होते. बायको म्हणायची, "अहो, रेघा तर बालवाडीतली पोरंही मारतात. मग तुमचीच पाठ कशी वाकली?" पण काम नाजूक होतं. छोट्या बशीत कातडीच्या पेशी दाट वाढवायच्या आणि बारीक नळीच्या टोकाने मधोमध एक रेघ ओढायची, की तिथे फट पडते. निम्म्या बशांत ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रथिन, घालायचं. बाकीच्या तशाच ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी फट किती टक्के भरली ते मोजायचं.

रेघ मामांनीच मारायची, हा तिथला रिवाज. त्यांचा हात कधी कापत नसे. उभं राहून राहून गुडघे मात्र कामातून गेले होते, आणि मनाला आताशा कशाचंच अप्रूप राहिलं नव्हतं. निवृत्तीला वर्ष उरलं होतं, ते कसंबसं ढकलायचं.

एका मुलीचं संशोधन चार वर्षं रखडत चाललं होतं. तान्ही लेक सासूकडे ठेवून ती यायची, ती दमलेली. जायची, तीही दमलेली. तिचा सगळा प्रबंध एका गोष्टीवर उभा होता: प्रथिन घातलेली फट दुप्पट वेगाने भरते. सोमवारी प्रबंध द्यायचा होता. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, शेवटचं एकदा करून दाखव.

त्या दिवशी रेघा मारण्याआधी मामांनी झाकणं स्पिरिटने पुसली आणि कुठल्या बशीत प्रथिन जाणार त्याच्या वरच्या खुणाच गेल्या.

"अहो मामा, काय केलंत!"

"बुडाला आहेत ना खुणा? मग प्रथिन घालताना त्या बघ."

दुसऱ्या दिवशी सगळ्या फटी सारख्याच भरल्या होत्या. मुलगी रडकुंडीला आली. "परवा फ्रीज बंद पडला होता. प्रथिन खराब झालं असणार." बाईंनाही ते पटलं. हे सोडून दे, जुनं पुरेसं आहे, म्हणाल्या.

मामांना मात्र चैन पडेना. त्यांनी जुने फोटो काढले, रेघ मारल्या मारल्या घेतलेले. टक्के हातात आल्यावर ते कोण बघतो? मामांनी पट्टी लावून एकेक फट मोजली. प्रथिनाच्या बशांत त्यांची रेघ दर वेळी जराशी अरुंद होती. अरुंद फट लवकर भरणारच. मुद्दाम केलं नव्हतं हो! झाकणावरची खूण दिसे, पोरीचं एकदाचं सुटावं असं वाटे, आणि हात आपसूक हलका पडे.

गप्प बसले असते तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ते फोटो घेऊन तिच्याकडे गेले.

"पोरी, फ्रीजचा दोष नाही. माझ्या हाताचा आहे."

तिने एकेक फोटो पाहिला. "चार वर्षं, मामा?"

"चार वर्षं."

ती पिशवी उचलून निघून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं.

आठ दिवस ती फिरकली नाही; सोमवारी प्रबंधही दिला नाही. नवव्या दिवशी बशांचा ट्रे घेऊन आली. झाकणांवर नुसते आकडे होते.

"कुठल्यात प्रथिन जाणार ते फक्त बाईंना ठाऊक," ती म्हणाली. "तुम्हालाही नाही, मलाही नाही."

मामा नळी घेऊन नेहमीसारखे उभे राहिले. तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढून त्यांच्यामागे ठेवलं.

"बसून मारा मामा. पुष्कळ मारायच्यात."