गांजा समजून लावलेली अंबाडी

एका हिवाळ्यात मी गांजा समजून अंबाडी पिकवली. आपली भाजीची अंबाडी. दुबईजवळ, अल ऐनमध्ये मुलाच्या व्हिलाच्या मागच्या भिंतीला लागून, संपूर्ण सेंद्रिय पद्धतीनं, चोरासारखं इकडेतिकडे बघत, दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत मी तिची सेवा केली. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. म्हणजे मला अक्कल येऊन बरीच वर्षं झाली असावीत, असा घरच्यांचा समज होता.

नात आता कॉलेजात आहे. मैत्रिणींना घरी आणते आणि "मीट माय आजी, द ड्रग लॉर्ड" अशी ओळख करून देते. मग मी बैठक मारते आणि सांगते. मुली हसून लोळतात. मी गोष्ट नेहमी थोडी आधीच आवरती घेते, कारण हसणाऱ्या मुलींना पुढचं कशाला सांगायचं. इथे मात्र लिहायलाच बसले आहे, तर सगळं लिहिते.

यांचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, आजार त्या वर्षी मणक्यात उतरला होता. आम्ही दोघं मुलाच्या व्हिसावर इथे राहायला आलो ते नातीला सांभाळायला, आणि दोन वर्षांत सांभाळायची माणसं आम्हीच झालो. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी हिंदीत, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं की आता बरं करणं आपल्या हातात नाही, फक्त त्रास कमी ठेवायचा. त्यासाठी गोळ्या होत्या, चिकटपट्टीसारखं काहीतरी दंडाला लावायचं होतं. त्या औषधांनी हे दिवसभर गुंगीत असायचे, अन्न उलटून पडायचं, आणि तरी दुपारी चारच्या सुमाराला दुखणं यायचंच. चार वाजले की हे पलंगाची कड धरायचे. ओरडायचे नाहीत. नुसती कड धरायचे आणि भिंतीवरच्या एसीकडे बघत राहायचे. संध्याकाळचे सात वाजेपर्यंत.

त्याच सुमाराला कॅनडातला माझा भाचा दोन दिवस येऊन गेला. मावशीच्या हातचं थालीपीठ खाता खाता म्हणाला, "तिकडे डॉक्टरच देतात मावशी. लोक घरामागे लावतात. पेशंटसाठी असेल तर केमिकल अजिबात नाही, सगळं ऑरगॅनिक. आणि मेल प्लांट्स उपटून टाकायचे. औषध असतं ते फिमेलच्या फुलात." मग माझ्याकडे बघून त्याचा घास थांबला. "इथे नाही हां. इथे विचारसुद्धा करू नकोस."

विचार करू नकोस म्हटल्यावर मी दुसरं काय करणार?

ही मूर्ख बाई तेव्हा रोज विचार करायची. कॅनडातला उन्हाळा म्हणजे हवेनं इथला हिवाळा, तर इथे लावायचं ते ऑक्टोबरात, हे गणित मी पोळ्या लाटताना सोडवलं. फोनमध्ये तो शब्द टाकायचा नाही, हेही ठरवलं, कारण फोनमध्ये टाकलेलं सरकारला दिसतं असं मुलगा एकदा म्हणाला होता. कुणाशी बोलताना नाव घ्यायचं नाही. नुसतं "ते पान". या हुशारीचा मला फार अभिमान वाटायचा. सगळा घोळ त्या हुशारीनंच केला.

गणपतीत मराठी मंडळींच्या आरतीला यवतमाळकडच्या एक बाई भेटायच्या. त्यांना झाडांचा नाद. मी त्यांना चपला ठेवायच्या जागी गाठलं.

"यांच्यासाठी काही झाडपाल्याचं बघतेय," मी म्हटलं. "ते पान असतं ना." आणि हाताची पाच बोटं पसरून दाखवली.

त्यांनी क्षणभर माझ्या बोटांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आहे ना माझ्यापाशी बी. माहेरून आणलं. पण काकू, समोर नका लावू बरं. मागं, भिंतीच्या आड लावा. पान पाहून लोक भलताच संशय घेतात. आमच्या शेजाऱ्यानं मागं केवढा गोंधळ घातला होता."

"पेशंटला चालेल ना?"

"चालेल म्हणजे? पेशंटला तर चांगलीच. तोंडाला चव येते."

वाचणाऱ्याला एव्हाना कळलंच असेल. मला कळलं नाही. भिंतीआड लावा, लोक संशय घेतात, असं त्या सांगत होत्या आणि मला वाटत होतं की ही बाई सांकेतिक भाषेत बोलतेय, आपल्यासारखीच तयारीची आहे. मी त्यांना डोळासुद्धा मारला. त्यांना वाटलं असेल, काकूंच्या डोळ्यात काही गेलं.

पुढच्या आठवड्यात पाकीट आलं. करड्या, कोनेदार बिया. माझ्या माहेरी अंबाडी कधी होत नसे, आंबट भाजी म्हणजे चुका. भाजी मी कधी पाहिली असलीच तर ती शिजलेली, ताटात. त्या बिया मी तळहातावर घेतल्या. मुलाची नोकरी, आमचा सगळ्यांचा व्हिसा, नातीची शाळा, आणि तुरुंग तो वेगळाच. हे सगळं त्या मूठभर बियांवर ठेवायला मी निघाले होते आणि मुलाला विचारायचंही नाही, असं मी परस्पर ठरवलं होतं. आता मागे वळून बघते तेव्हा त्या एकसष्ट वर्षांच्या मूर्ख बाईच्या, म्हणजे माझ्याच, कानाखाली वाजवावीशी वाटते.

यांना मात्र सांगितलं. आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही, बसमध्ये कंडक्टर आला नाही तर उतरून त्याला शोधणारा माणूस. कानाशी तोंड नेऊन सांगितलं.

"सगळ्यांना घालवून देतील," हे म्हणाले.

"हो."

यांनी एसीकडे नजर वळवली. मग म्हणाले, "तयार कधी होईल?"

यावरून दुखणं किती होतं ते मला कळलं. चिकटपट्ट्यांवरून कळलं नव्हतं.

इथली माती म्हणजे वाळूच. मी भिंतीलगत दोन हात लांब चर खणला, वाळू काढली, नर्सरीतून बकरीच्या लेंड्यांचं खत आणलं, त्यात भाज्यांची सालं, चहाचा चोथा, नारळाच्या शेंड्यांचा भुगा मिसळला. नळाचं पाणी खारट म्हणून एसीच्या नळीखाली बादली लावून ते पाणी घातलं. यांच्या खोलीचा एसी सतत चालू, त्यामुळे पाण्याला तोटा नव्हता. पांढरी माशी पडली तेव्हा कडुनिंबाचं पाणी मारलं, नंतर आंबट ताक. पहिली पानं साधी, गोलसर आली तेव्हा मला वाटलं, बी फुकट गेलं. आठ-दहा दिवसांनी वरची पानं बोटांबोटांची फुटली आणि मी त्या भिंतीशी उभी राहून हात जोडले.

मुलाला सांगितलं भेंडी आहे. नातीला, ती तेव्हा सात वर्षांची होती, टोमॅटो.

"आजी, पप्पा सेज इट्स भेंडी."

"पप्पांना काय कळतंय शेतीतलं?"

"बट यू आर फ्रॉम ठाणे."

मग नर उपटायचा दिवस आला. अंबाडीत नर आणि मादी असं काही नसतं, एकाच फुलात सगळा संसार असतो, हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी चष्मा पुसून एकेका रोपापुढे उकिडवी बसले आणि ठरवत गेले. जी रोपं उंच, बारीक, वारा नसताना डोलणारी, ती नर. बुटकी, भरल्या अंगाची, ती माद्या. सात नर उपटले. हे सांगताना मुली सगळ्यात जास्त हसतात.

फुलांपर्यंत थांबायला वेळ नव्हता. थंडी सुरू झाली तसं यांचं चारचं दुखणं सातऐवजी नऊपर्यंत राहायला लागलं. मी पानांवरच काम भागवायचं ठरवलं. आधी स्वतः एक चमचा वाटण खाऊन पाहिलं, पेशंटला देण्याआधी प्रयोग नको का? आंबट लागलं, पण गांजा कसा लागतो हे मला कुठे माहीत होतं? अर्ध्या तासात माझं डोकं हलकं झालं. वॉशिंग मशीनमध्ये फिरणारा टॉवेल बघून मला हसू आवरेना. तिथेच स्टुलावर बसून राहिले, पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटत होतं. अंबाडीच्या भाजीनं चढलेली पृथ्वीवरची मी पहिलीच बाई असणार.

दुधातून द्यायला गेले तर दूध फाटलं. पुन्हा केलं, पुन्हा फाटलं. कोपऱ्यावरच्या बकाल्यातल्या, म्हणजे किराणा दुकानातल्या, माणसाला मी झापलं, "भैया, बासी दूध देते हो." त्यानं नवीन बाटली दिली, तीही फाटली. पाल्याच्या आंबटपणानं दूध फाटतं हे चुका निवडत वाढलेल्या बाईला सुचू नये? नाहीच सुचलं. शेवटी ताकात घातलं. यांची चव औषधांनी केव्हाच गेली होती, सगळं लोखंडासारखं लागतं म्हणायचे, त्यामुळे आंबट आहे की काय आहे ते त्यांना कळायचा प्रश्न नव्हता.

पहिल्या दिवशी तीनला पेला दिला. साडेतीनला हे म्हणाले, "जरा सैल वाटतंय." चारला कड धरली नाही. हात पोटावर ठेवून पडून राहिले आणि पाचला झोपले. गुंगी नव्हे, झोप. तोंड थोडं उघडं, घोरणं. मी खुर्चीत बसून ते घोरणं ऐकलं.

पाच-सहा आठवडे असं चाललं. रोज नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस. दुखणं जायचं नाही, पण मागच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं व्हायचं. तेवढ्यात हे बोलायचे. नातीला बेरजा शिकवायचे. एकदा तर इथल्या अरबांसारखं "यल्ला, चहा कर" म्हणाले, ते ऐकून मी मोरीत जाऊन रडले. डॉक्टर म्हणाले, पेशंट बरे दिसतात. मी मान खाली घातली. वजन मात्र दर खेपेला कमीच भरत होतं. त्याकडे मी बघितलं नाही, कारण माझं सगळं लक्ष कळ्यांकडे होतं. जानेवारीत कळ्या धरल्या तेव्हा यांना सांगितलं, "आता खरं औषध येतंय. हे काहीच नाही." यांनी डोळे मिटून मान हलवली. त्यानंतर रोज सकाळी विचारायचे, "उमललं?"

उमललं. फिकट पिवळं, मध्ये काळसर लाल डोळा, जास्वंदीच्या वळणाचं. गांजाचं फूल इतकं देखणं असतं हे भाच्यानं सांगितलं नव्हतं, एवढंच माझ्या मनात आलं.

त्याच आठवड्यात यवतमाळच्या बाई तिळगूळ घेऊन यांना भेटायला आल्या. "लावली होती ना?" म्हणून माझ्या मागोमाग अंगणात आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अवो काकू, येवढी माजू दिली अंबाडी? भाजी नाही केली का? आता फुलावर आली, निबर झाली ना."

"काय आली?" मी म्हटलं.

"अंबाडी. पान तोंडात टाकून पाहा, अजून आंबट आहे थोडी."

मी पान तोंडात टाकलं. मग मला हसू फुटलं. भिंतीला टेकून, पोट धरून मी हसले. साडेतीन महिन्यांची भीती अंगातून एकदम निघाली म्हणून असेल. पोलीस नाही, तुरुंग नाही, कुणाला कुठे घालवून देणार नाहीत. त्या बाई बिचाऱ्या बघत राहिल्या. त्या गेल्या तशी मी हातात फुलाची फांदी घेऊन, हसतच यांच्या खोलीत गेले. घाई झाली होती मला. चाळीस वर्षं मी प्रत्येक विनोद आधी या माणसाला सांगत आले होते.

सगळं सांगितलं. डोळा मारल्याचं, नर उपटल्याचं, फाटलेल्या दुधाचं. हेही हसले. ओठ हलले, घशातून आवाजही आला. फांदी हातात घेऊन फूल पाहिलं. "अंबाडी," म्हणाले आणि फांदी उशाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी तीनला मी सवयीनं पेला घेऊन गेले. आतापर्यंत लागू पडत होतं ते पडत होतं, नाव काही का असेना, असं मला वाटत होतं. हे प्यायले. मी खुर्चीत बसले. साडेतीन झाले, चार झाले. यांनी कड धरली.

त्यानंतर कधी सोडली नाही. हॉस्पिटलात नेलं, त्यांनी मात्रा वाढवली, माणुसकीनं केलं सगळं. गुंगी परत आली, उलट्या परत आल्या. ताकाचा पेला मी आणखी दोनदा नेला. एकदा तर नवीन काहीतरी आहे अशी थाप मारून, सुंठ टाकून. यांनी वास घेतला आणि हातानं बाजूला सारला. मागची झाडं मी उपटली नाहीत, पाणी तेवढं बंद केलं. एसीची बादली भरून वाहायची आणि फरशीवर ओघळायची.

फेब्रुवारीत एका दुपारी गुंगी थोडी उतरली होती. मी ओल्या फडक्यानं त्यांचे पाय पुसत होते. माझ्याकडे न बघता, रागानं नाही, सकाळी वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवायचे त्याच आवाजात म्हणाले, "आणखी थोडे दिवस सांगितलं नसतंस, तरी चाललं असतं."