चौथी ग्रंथी

सावेडीतल्या दवाखान्यात आईची थायरॉईड ग्रंथी काढली. तिच्या मागं तांदळाएवढ्या चार ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. तीन जागेवर वाचल्या. चौथीचा रक्तपुरवठा तुटला, म्हणून ती मानेच्याच स्नायूत पुन्हा लावली, असं डॉक्टरांनी आम्हा दोघींना सांगितलं. कॅल्शियम उतरून बोटांना मुंग्या आल्या तर लगेच कळवा, म्हणाले.

झालं. मला खुर्चीत बसवेना. सारखी उठून आईची बोटं चोळायची आणि विचारायचं, "मुंग्या येतात का गं?"

जन्मभर कांद्याची रोपं लावलेली आई शेवटी घोगऱ्या आवाजात वैतागली. "लावलंय ना एकदा? मग धरलं का न्हाई म्हणून रोप सारखं उपटून कशाला बघती?"