त्यांच्या हातची फुलं

शिवणबाई मशिनवर बसल्या की तोंडात टाचण्या, आणि टाचण्या काढल्या की तोंडाचा पट्टा सुरू! गेले चार महिने तो पट्टा एकाच गोष्टीवर चालला होता: मागच्या दारचा वाफा.

नवरा वारला, त्याच्या आठवडाभर आधी म्हणाला होता, "अगं, झिनियाचं बी पेरलंय. पाणी तेवढं घालत जा."

थंडी सरता सरता कोंब वर आले आणि बाई हरखून गेल्या. आता, बाईंना कापड कळतं, झाड कुठे कळतंय? झिनिया कुठला नि तण कुठलं, देव जाणे. त्यात चर्चच्या पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की गव्हात तण उगवलं तरी कापणीपर्यंत त्याला हात लावू नये. झालं! बाईंनी वाफ्यातली काडीसुद्धा कुणाला उपटू दिली नाही. कंबरेइतकं रान माजलं.

"वहिनी, एक दिवस साप निघेल हं यातून," नणंद म्हणाली.

"निघू दे. यांच्या हातचं आहे ते."

शिवाय चर्चमध्ये सगळ्यांना सांगून बसल्या, की या रविवारी वेदीवर फुलं ठेवायची पाळी माझी आहे, आणि मी यांच्या हातची फुलं आणणार.

शनिवारी दुपारी त्यांनी नवऱ्याचा कोट नणंदेच्या यजमानांसाठी बारीक करायला घेतला. उसवण्याआधी खिसे तपासायचे, ही तीस वर्षांची सवय. आतल्या खिशात कागदी पाकीट निघालं. वर झिनियाचं चित्र, तोंड चिकटवलेलं, जसंच्या तसं. हलवलं तर आत बी खुळखुळलं.

बाईंनी कोट दोन्ही हातांनी समोर धरला.

"अहो, खोटं बोललात माझ्याशी? वाकता येत नव्हतं म्हणून? की विसरलात? मग मी चार महिने पाणी कुणाला घातलं?"

कोट काय बोलणार, कपाळ! बाईंना संताप आला, त्यातच रडू आलं, आणि गेलेल्या माणसावर रागावलेलं चालतं की नाही तेही कळेना. रोज सकाळी झारी हातात धरून देवाचे आभार मानले होते. ते आता परत घ्यायचे की काय?

तणतणत त्या कात्री घेऊन मागे गेल्या. सगळं कापूनच टाकायचं ठरवलं होतं. पण रानाला बारीक पिवळी फुलं आली होती, खूप. कापली खरी, पण फेकवेनात.

रविवारी बाई वेदीवर ती फुलं ठेवत होत्या, तेव्हा पाळकसाहेब जवळ आले. "हीच का त्यांच्या हातची?"

"नाही हो. त्यांनी काही पेरलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "पाणी मी घातलं. पेरलं कुणी, ते तुम्हीच वर विचारून सांगा. मला तर काही म्हणजे काही कळेनासं झालंय."

बाई जागेवर जाऊन बसल्या. पाकीट पर्समध्ये होतं, आणि ते फोडायचा धीर त्यांना होत नव्हता.