भूमितीच्या पेपरचा आदला दिवस

चौदा मार्च. दहावीच्या मुलींच्या खाटा अंगणात काढून मी त्या खाटांच्या सांध्यांत उकळतं पाणी ओतत होते. लोखंडी खाटांना ढेकूण होत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी मुलींच्या होस्टेलात एक उन्हाळा काढून बघावा. दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता. रात्रभर खाजवत बसलेली मुलगी प्रमेयं काय सिद्ध करणार, म्हणून मी ते काम त्याच दिवशी उरकायला घेतलं होतं.

मी या होस्टेलची वॉर्डन. होस्टेल सिस्टरांचं, शाळाही त्याच आवारात. मी ख्रिस्ती नाही आणि बऱ्याचशा मुलीही नाहीत. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी आपल्या मुली इथं ठेवतात, कारण कुंपण उंच आहे, इंग्रजी बरं शिकवतात आणि सिस्टर कुणाच्या ओळखीपाळखीला भीक घालत नाहीत. एकाच नावाच्या बऱ्याच मुली असल्यामुळे आमच्याकडे मुलगी गावावरून ओळखली जाते. रोहिणखेडची, मेहकरची, अमडापूरची. अमडापूरचीचं गाव खरं तर अमडापूरच्या पुढं, फाट्यावर उतरून आत जायचं. पण तेवढं लांबण कोण लावणार.

दुपारी होस्टेलचा मोबाईल वाजला. ओल्या हातानंच घेतला.

"मॅडम, मी अमडापूरच्या पोरीचा काका बोलून राह्यलो. पोरगी जवळ नाई ना?"

"वर्गात आहे. बोला."

"दादा गेला सकाळी. विहिरीवरची मोटर चालू कराले गेला, अन् स्टार्टरच्या करंटनं धरलं त्याले."

मी केटली खाली ठेवली. काकानं पुढचं सांगितलं. पोस्टमार्टमला नेलं आहे, बॉडी संध्याकाळी मिळेल, सकाळी आठला नेणार.

"मुलीला न्यायला कधी येताय?"

"तेच सांगून राह्यलो. तिले सांगू नोका. उद्या पेपर झाला का मी येतो गाडी घेऊन."

"तोवर सगळं आटोपलेलं असेल."

"हाव. पण आज आली तं पेपर गेलाच समजा. बाया सोडतीन काय तिले?"

ते खरं होतं. नुसता एक पेपर जाईल एवढंच नव्हतं. तिच्या मोठ्या बहिणीचं नववीनंतर लग्न लावलं, ते आजीच्या आणि आत्याच्या हट्टानं. हिच्या वेळी बाप आडवा आला आणि त्यानं हिला इथं आणून ठेवलं. भेटीच्या रविवारी यायचा, फाटकाशी उकिडवा बसायचा. मुलगी कशी आहे हे तो मला कधी विचारत नसे. "कितवी आली?" एवढंच विचारायचा. आता तो माणूस नव्हता. पोरगी एकदा घरात गेली की तिला परत पाठवणारं त्या घरात कोणी उरलं नव्हतं. आणि नाही गेली, तर बापाचं तोंड पुन्हा दिसणार नव्हतं.

मोठ्या सिस्टरांना जाऊन सांगितलं. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले आणि म्हणाल्या, "घरचे म्हणतात तसं करू. पेपर होऊ दे." मला ते पटलं नव्हतं आणि दुसरं काही सुचतही नव्हतं. मी परत खाटांकडे गेले.

शाळा सुटल्यावर मुली आपापल्या खाटा आत न्यायला आल्या. अमडापूरची माझ्याजवळ येऊन खाटेखाली वाकून बघायला लागली.

"ताई, मेले का सगळे?"

"मेले," मी म्हटलं.

संध्याकाळी प्रार्थना असते. ख्रिस्ती असो नसो, सगळ्या मुली बसतात. शेवटी एक सिस्टर विनंत्या म्हणते, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, परीक्षेसाठी. प्रत्येक विनंतीनंतर मुलींनी एका सुरात म्हणायचं, "प्रभू, आमची प्रार्थना ऐक." रोजचं असल्यामुळे मुली ते अर्ध्या झोपेतही म्हणतात. त्या दिवशी धाकट्या सिस्टरांची पाळी होती. त्या छत्तीसगडकडच्या, वर्षभरापूर्वी आलेल्या, मनानं फार चांगल्या. दुपारी मोठ्या सिस्टरांनी त्यांना सांगितलं होतं की एका मुलीचे वडील वारलेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. कुठं करा ते सांगायचं राहिलं. त्यांच्या कॉन्व्हेंटात कोणी वारलं की सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, तीच त्यांची रीत. नाव घ्यायचं नाही एवढं मात्र त्यांनी पाळलं.

"आज देवाघरी गेलेल्या, आपल्यातल्या एका मुलीच्या वडिलांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून आपण प्रार्थना करू."

"प्रभू, आमची प्रार्थना ऐक," मुली म्हणाल्या. अमडापूरचीही म्हणाली. ती माझ्या समोरच बसली होती.

मग सगळं थांबलं. पुढच्या रांगेतल्या पाचवीतल्या पोरीनं मागं वळून विचारलं, "कोणाचे?"

त्यानंतर जे झालं ते आवरायला मला एकटीला जमलं नाही. होस्टेलात जेवढ्या मुली तेवढे बाप, आणि प्रत्येकीला आपलाच दिसायला लागला. कुणाचा बाप दारू पिऊन गाडी चालवत होता, कुणाच्या बापाचं ऑपरेशन झालं होतं, कुणाचा काहीच दुखणं नसलेला होता आणि तिची भीती तर सगळ्यांत मोठी. धाकट्या सिस्टर भिंतीशी उभ्या राहून "सॉरी, सॉरी" म्हणत होत्या. मोठ्या सिस्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "सांगा की शाळेतली मुलगी आहे, होस्टेलची नाही." पण तोवर ऑफिससमोर रांग लागली होती. फोन दिला नसता तर दहावीतल्या एकीनंही पुस्तक उघडलं नसतं. मी फोन काढला. एकीनं एकच फोन, आवाज ऐकला की ठेवायचा, असं सांगितलं. आमच्याकडे मुलींचे फोन स्पीकरवरच असतात, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"बाबा, तुमी जिते हा ना?"

"काऊन वो, मरू काय?"

रडता रडता पोरी हसायला लागल्या. रोहिणखेडचीचा बाप तर भडकला, "हे विचाराले फोन केला काय बे? अभ्यास कर!" ती शिव्या खाऊन नाचत बाहेर गेली.

अमडापूरची आली आणि तिनं बापाचा नंबर लावला. काकाला आधी कळवायला मला फुरसत झाली नव्हती. फोन त्यानंच उचलला.

"काका? बाबाले द्या."

पलीकडे थोडा वेळ नुसती चालण्याची चाहूल. तो माणसांतून बाहेर जात असावा.

"झोपला हाय वो माय. वावरातून थकून आला."

"एवढ्या लवकर?"

"अंग दुखून राह्यलं म्हने. उठवू नोको आता. तू पेपर चांगला देजो."

"बरं. त्यायले सांगा, रविवारी येतांना खोबऱ्याचं तेल आणजा म्हना. माहं सरलं."

"सांगतो," काका म्हणाला. फोन त्यानंच ठेवला.

ती वळली आणि मागच्या रांगेला म्हणाली, "माहे तं घोरून राह्यले. सुटली बापा मी!"

मेहकरचीच्या बापाचा फोन लागला नाही. तिनं तीनदा लावला, तीनदा बंद. आता बाकी सगळ्यांचे बाप सापडले होते, तेव्हा ठरलंच. मेहकरची ऑफिसच्या पायरीवर बसली आणि तिनं जो सूर लावला तो ऐकून लहान पोरीही रडायला लागल्या. कुणी पाणी आणलं, कुणी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आणि सगळ्यांत पुढं अमडापूरची.

"गप्प बस बे. फोन बंद हाय म्हंजे काय मेला तुहा बाप? रिचार्ज संपला असन. माहा बाप दिवेलागणीलेच झोपला, मी रडली काय?"

हे मला बघवलं नाही म्हणणं खरं नाही. बघवत होतं, मी बरंच पाहिलेलं आहे. पण एकीच्या जिवंत बापासाठी दुसरीनं, जिचा बाप गेलाय तिनं, समजूत घालत बसावं हे चालवून घेणं मला शक्य नव्हतं. मेहकरचीच्या शेजाऱ्याचा नंबर कार्यालयात होता. तो मोठ्या सिस्टरांच्या हातात दिला आणि अमडापूरचीला म्हटलं, "चल, कोठीतून डाळ काढायची आहे."

कोठीत शिरल्यावर दार लोटलं. आडपडदा ठेवून सांगायची मला सवय नाही.

"ते तुझे वडील आहेत. सकाळी मोटरचा करंट लागला. काका खोटं बोलला, कारण उद्या तुझा पेपर आहे. उद्या आठला नेणार आहेत. तुला जायचं असेल तर पहाटे मी घेऊन जाते."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती माझ्यावर चिडली.

"तुमी काऊन सांगितलं?"

मी दाराला कडी घातली.

"झोपले हायेत असं ऐकलं होतं ना मी? तसंच राहू द्याचं होतं. एक दिवस राहू द्याचं होतं."

मग ती गव्हाच्या पोत्यावर बसली. पोत्याची सुतळी बोटानं उसवत राहिली. बाहेर कुणीतरी ओरडलं, "लागला, लागला! मेहकरचीचा बाप जिता हाय!" आणि टाळ्या वाजल्या. ती दाराकडे पाहत होती.

"मी गेली तं आत्या मले परत येऊ देणार नाई," ती म्हणाली. "मोठ्या ताईच्या लग्नातच म्हने, आता हिचंबी पाहून घ्या. बाबा होते म्हणून इथं हाव मी."

"मी सोबत येईन. पेपर अकराला आहे, दहापर्यंत परत आणेन."

"तुमाले नाई माहीत आमच्या इथल्या बाया. गळ्यात पडतीन अन् सोडणार नाईत. मग मलेच उठता नाई येणार."

तिचं बरोबर होतं. तिचं गाव ती माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. मी म्हटलं, "पण मग तुला ते दिसणार नाहीत. आज ठरवशील ते नंतर बदलता येणार नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "तुमी जा."

"मी?"

"तुमी जा अन् नीट पाहून या. कसे हायेत, काय घातलं, सगळं. मले आता सांगू नोका. सगळे पेपर झाले का सांगजा." उठून दाराशी गेली आणि म्हणाली, "अन् पोरींले सांगू नोका. त्या रडतीन अन् मले वाचू देणार नाईत."

मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगितलं की सिस्टरांना चुकीचा निरोप मिळाला होता, होस्टेलातल्या कुणाचे नाहीत. मुलींनी धाकट्या सिस्टरांची थोडी टिंगल केली आणि जेवायला बसल्या. अमडापूरची जेवली. पोळ्या किती घेतल्या ते मी पाहिलं नाही, पण ताट रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी तापवलं, परीक्षेच्या मुलींसाठी दही-साखर काढून ठेवली आणि त्यांना सेंटरवर न्यायचं मोठ्या सिस्टरांवर सोपवलं. त्यांनी मला अडवलं नाही. निघताना अमडापूरची ओसरीत बसून पेन्सिलीला टोक करत होती. तिनं वर पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. अमडापूरची पहिली एसटी धरली, फाट्यावर उतरून आत चालत गेले.

अंगणात माणसं दाटली होती. चप्पल काढून बायांमधून पुढं गेले. कोण, कुठली, असं विचारलं तेव्हा "होस्टेलची" म्हटलं आणि वाट मिळाली. मी नीट पाहिलं. नवा पांढरा सदरा होता, घडीच्या खुणा तशाच. उजवा हात कोपरापासून कापडानं गुंडाळलेला होता. तो सोडून बाकी कुठं काही दिसत नव्हतं. दाढी कुणीतरी केली होती आणि कानाखाली साबण सुकून राहिला होता. तोंड मिटलेलं. चेहऱ्यावर त्रास दिसत नव्हता. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहीत नाही, दोनदा पाहून खात्री केली. विचारल्यावर मला खरं सांगायचं होतं.

"पोरगी नाई आली?" मागं कुणी म्हातारी म्हणाली.

"पेपर हाय म्हने," दुसरी कुणी म्हणाली.

"आता काय करते पेपराले," म्हातारी म्हणाली. ती आत्या, हे मला न सांगता कळलं.

मुलीच्या आईनं माझा हात धरला. "बाई, तिले समजलं तं नाई ना?"

"नाही," मी म्हटलं.

"नोका सांगू. सगळे पेपर होऊ द्या."

काका तिरडीच्या बांबूंजवळ उभा होता. मी त्याला बाजूला घेतलं. आज दुपारी गाडी घेऊन येऊ नका, असं सांगितलं. दहाव्याला मी तिला घेऊन येईन, आणि मीच परत नेईन.

"लोक काय म्हणतीन, मॅडम? बाप मेला अन् पोरगी तिकडे?"

"लोकांना माझं नाव सांगा."

तो आत्याकडे पाहायला लागला, मग वहिनीकडे. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. तेवढ्यात उचलायची घाई झाली आणि त्याला बोलावलं. मी बायांबरोबर वेशीपर्यंत गेले, तिथून एकटीच फाट्याकडे चालू लागले. एसटीला वेळ होता. दुधाचा टेम्पो आला, त्याला हात केला आणि कॅनांच्या मधे जागा करून बसले, कारण पेपर सुरू व्हायच्या आत मला सेंटरवर पोचायचं होतं.