शेपटीतली मोटर

लिफ्टकाकांचा हुद्दा खरं तर लिफ्ट मेकॅनिक, पण आख्ख्या वस्तीने त्यांना काका केलं आणि पुढे लिफ्ट चिकटवली. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना सोडवण्यात त्यांचा जन्म गेला. दाराच्या फटीतून ते आत आवाज द्यायचे, "काही होत नाही. दोन मिनिटं." ही दोन मिनिटं कधी पाच मिनिटांची असत, कधी तासाची. आतल्याला खरं सांगून उपयोग काय, असा त्यांचा साधा हिशेब होता. तो बिचारा करणार काय? उगाच घाबरेल, बटणं बडवेल, दार उचकटायला जाईल. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

अशा माणसाने निवृत्तीनंतर विमान बांधायला घ्यावं, यावर काकूंचं म्हणणं एवढंच होतं की लोक बागकाम करतात. विमान लहानसंच, दोन माणसांचं, सुटे भाग पेट्यांमधून मागवून घरी जोडायचं. ते जोडता जोडता घरामागच्या शेडमध्ये काकांची कैक वर्षं गेली आणि काकूंचं जुनं कपाट, शिलाई मशीन, सायकल असं सगळं एकेक करून उन्हात आलं. उडवणार मात्र लेक. काकांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. वैद्यकीय तपासणीतच डॉक्टरांनी मान हलवली. लेक दवाखान्यात एक्स-रे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवरून उडायची. लायसन्स तिच्याकडे होतं, हात चांगला होता. बापाने बांधायचं, लेकीने उडवायचं, आईने काळजी करायची, अशी वाटणी काकू सगळ्यांना सांगत. त्यात त्यांची थोडी चूक होती. काळजीचा मोठा वाटा काकांनीच उचलला होता, फक्त ते कुणाला कळू देत नव्हते.

काळजीचं मूळ विमानाच्या शेपटीत होतं. विमान सरळ चालावं म्हणून वैमानिकाला पुढ्यातला दांडा सतत थोडा रेटून किंवा ओढून धरावा लागतो, आणि तसं धरून धरून हात भरून येतो. म्हणून शेपटीच्या आडव्या पंखाला मागे एक छोटी पट्टी बसवतात. ती जरा वर-खाली केली की लागणारा जोर वाराच लावतो आणि हात मोकळा होतो. याला म्हणतात ट्रिम. काकांच्या विमानात ही पट्टी एक काडेपेटीएवढी मोटर हलवायची आणि मोटरचं बटण होतं दांड्याच्या डोक्यावर, अंगठ्याखाली. दाबलं की चालणार, सोडलं की थांबणार. पण समजा ती थांबायची विसरली, तर तोच वारा उलटतो आणि वैमानिकाशी कुस्ती खेळायला लागतो.

एका सकाळी ती विसरली. काका शेडबाहेर एकटेच विमानात बसून इंजिन चालवून बघत होते. दांडा मागे-पुढे केला, बटण दाबलं, सोडलं, आणि मान वळवून बघतात तर पट्टी चालतेच आहे. सावकाश, आपल्याच नादात, ती टोकाला जाऊन टेकली. ही बाजू विमानाचं नाक वर उचलणारी. काकांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, परत चढले, बटण दाबलं. दाबलं की चालते, सोडलं की थांबते. अंगठा दुखेपर्यंत दाबून झालं, पण मोटर आता पाहुण्यांसमोर शहाण्या झालेल्या पोरासारखी वागत होती.

घोडं कुठे पेंड खातंय हे त्यांनी मग लिफ्टच्या अनुभवावरून ठरवलं. लिफ्ट थांबायच्या जागी थांबली नाही की दहातून नऊ वेळा दोष रिलेचा. रिले म्हणजे बटणाचा निरोप मोटरला पोचवणारी डबी. तिच्या आतले दोन तुकडे कधी ठिणगीने चिकटून बसतात आणि बटण सोडलं तरी वीज जातच राहते. काकांनी रिले बदलला. जुना फोडून बघितला, तर आतले तुकडे स्वच्छ, लखलखीत. हे त्यांना मुळीच आवडलं नाही. पण नवा तर बसवून झाला होता, मोटर नीट चालत होती आणि पहिल्या उड्डाणाची तारीख क्लबने दिली होती. लेकीला सांगावं तर ती उगाच घाबरेल. म्हणून नाही सांगितलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. काकांना घास गिळवेना. बोलता बोलता ते मान वळवून मागे बघायचे, जणू आपल्यालाच शेपटी आहे. जेवताना अंगठा ताटाच्या काठावर दाबत बसायचे.

"अहो, ताटाला कसलं बटण आहे?" काकूंनी एकदा विचारलंच.

"काही नाही," काका म्हणाले आणि पाणी प्यायले.

शेवटी राहवेना तेव्हा त्यांनी लेकीला शेडमध्ये बोलावलं. म्हणाले, जरा दांड्याचा जोर बघून घेऊ. ती आत बसली. काका शेपटीशी गेले, आडवा पंख दोन्ही हातांनी धरला आणि सगळं बळ लावून वर रेटला. आत दांडा लेकीच्या अंगावर यायला लागला. तिने तो आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी पुढे ढकलून धरला.

"आता समज, मोटरची वीज तोडायचीय," काका मागून ओरडले. "तोड."

वीज तोडायचा स्विच काकांनी सीटच्या मागे, खालच्या पत्र्यावर बसवला होता. बसवताना त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. लिफ्टचा मुख्य स्विच कधी लिफ्टच्या आत नसतो, तो असतो मशीनच्या खोलीत, कुलपाआड, फक्त मेकॅनिकचा हात पोचेल असा. आत बसलेल्याच्या हाताशी तो देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. हातांनी जन्मभर जे केलं तेच इथेही केलं होतं. लेकीने एक हात सोडून मागे नेला, तसा दांडा सरळ तिच्या छातीवर आदळला.

"बाबा, तिसरा हात कुठून आणू?"

काकांनी पंख सोडला. लेक आतच बसून राहिली. तिने मागचा स्विच बघितला, पुढचा दांडा बघितला आणि मग बापाकडे बघितलं.

"मोटर कधी पळाली?"

"कुठे काय?"

"बाबा."

काकांनी सांगितलं. एकदाच पळाली, रिले बदलला, तेव्हापासून ठीक आहे. सांगताना त्यांची नजर जमिनीवर होती.

"लिफ्टमधल्या माणसाला तुम्ही खरं सांगत नाही, ते मला पटतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्याच्या हातात काही नसतं. पण मी यात अडकलेली नाहीये, मी हे चालवणार आहे. मला घाबरवा की. घाबरल्यावर काय करायचं ते माझं मी बघेन."

काकांना इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. त्यांनी सीटमागचा स्विच उपटून काढला आणि दांड्यावरच, दोन्ही हात गुंतलेले असले तरी बोट पोचेल अशा जागी, एक लाल बटण बसवलं. एकदा दाबलं की मोटरची वीज गेली, आणि ओढून वर काढेपर्यंत परत येणार नाही. दोघांनी मिळून ते शंभरदा दाबून बघितलं. आणि ठरलं की वर असताना ती रेडिओवर जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं, मग ते कसंही असो.

उड्डाणाच्या दिवशी वारा पडलेला होता. येणार नाही, येणार नाही म्हणत काकू सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. क्लबच्या कॅप्टननी काकांच्या हातात रेडिओ दिला आणि धावपट्टीच्या कडेला कुठे उभं राहायचं ते दाखवलं. विमान धावलं, हवेत उठलं, झाडांच्या वर गेलं. काकूंनी काकांची बाही मुठीत धरली होती. पहिली फेरी पूर्ण झाली. दुसरी सुरू झाली आणि रेडिओ खरखरला.

"बाबा, मोटर चालली. मी बटण सोडलंय. नाक वर जातंय."

काकांनी रेडिओ कानाशी घट्ट धरला.

"लाल दाबलं. थांबली. अर्ध्यावर असेल. दांडा जड आहे, दोन्ही हातांनी रेटून धरलाय."

"काय म्हणतेय?" काकूंनी विचारलं.

"धरून आहे म्हणतेय."

विमान दूर, अगदी लहान दिसत होतं आणि वळणावर त्याचं नाक जरा जास्तच वर होतं. मग परत तिचा आवाज आला, धाप लागलेला.

"हात भरून आलेत. उतरेपर्यंत टिकतील असं वाटत नाही. लाल बटण ओढून मोटर परत चालू केली आणि पट्टी उलट आणली, तर हात हलका होईल. येईल का ती मागे?"

येईल, असं काकांच्या अगदी ओठांवर आलं. रिले नवा होता, मोटर नवी होती, आणि लेकीचे हात थकले होते. तिला धीर द्यावा असं त्यांना जिवाच्या आकांताने वाटत होतं. धीर देण्यावाचून त्यांनी आयुष्यात दुसरं केलं तरी काय होतं? त्यांनी रेडिओचं बटण दाबलं आणि दाबून तसेच उभे राहिले. काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "ती का पळते ते मला कळलेलं नाही. रिले नव्हता तो, मी चुकलो. बटण ओढू नकोस. विमान हातानेच खाली आण."

त्यांनी रेडिओचं बटण सोडलं.

"बरं," ती म्हणाली. "इंजिन कमी करते. वेग उतरला की जोरही उतरेल."

त्यानंतर तिचा आवाज आला नाही. काकांचा जीव टांगणीला लागला होता; आपण लेकीला उत्तर दिलं की तिला एकटं सोडलं, हेच त्यांना उमगत नव्हतं. विमान डुलत, नाक वर-खाली करत आलं, धावपट्टीवर दणकन आपटलं, उसळलं, परत टेकलं आणि धावत धावत शेवटी थांबलं. काकू पळाल्या. लेकीची बोटं दांड्यावरून सुटत नव्हती, ती त्यांनी एकेक करून सोडवली.

दोष सापडायला फार वेळ लागला नाही, कारण आता काका रिलेकडे बघतही नव्हते. सीटखाली दांड्यातून येणारी वायर पत्र्याच्या भोकाच्या कडेला घासत होती. इंजिनच्या थरथरीने तिची साल सोलली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकून बसली होती, जणू अंगठा कायमचा बटणावर. लिफ्टच्या वायरींना अशी थरथर माहीत नसते, आणि काकांनाही नव्हती. ते वायर कापायला पक्कड घेऊन वाकले.

"थांबा," लेक म्हणाली. "आधी लाल बटण ओढा. मला बघायचंय."

"कशाला?"

"बघायचंय मला."

ती शेपटीशी जाऊन उभी राहिली. काकांनी बटण ओढलं. ट्रिमच्या बटणाला कुणाचंही बोट लागलेलं नव्हतं, तरी शेपटीत मोटर गुणगुणली आणि पट्टी अर्ध्यावरून निघाली, त्याच बाजूला, सावकाश, पार टोकापर्यंत. टोकाला टेकल्यावरही मोटर चालूच राहिली.

"अर्ध्यावर होती तरी दांडा धरवत नव्हता," लेक पट्टीकडे बघत म्हणाली. "आणि मी ओढणार होते. माझं बोट होतं बटणावर. तुम्ही येईल म्हणाला असतात, तर ओढलंच असतं."

काकांना ते लाल बटण परत दाबायचं होतं, पण बोटात जोरच राहिला नव्हता. लेक पुढे आली, त्यांच्या बोटावर तिने आपलं सुजलेलं बोट ठेवलं आणि दाबलं.